मल्हारीने घेतलेला बदला

मल्हारीने मोबाइलवर बदल्याचे ढीगभर सिनेमे पाहिले होते, पण एकाचाही मधला भाग पाहिला नव्हता. मेंढ्या सावलीला बसल्या की तो बाभळीखाली सिनेमा लावायचा. हीरोवर अन्याय झाला की याचा डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा हीरो शेवटच्या गुंडाला लोळवत असायचा. मधलं सगळं मल्हारी स्वप्नात आपल्या मनाने भरून काढी, आणि त्यात हटकून मेंढ्या असत.

"पण त्यानं त्या डायवरला काहून मारलं?" बायको पंचफुलाबाई विचारायची.

"केलं आसंल कायतरी त्यानं," मल्हारी म्हणायचा.

यंदा अन्याय मल्हारीवरच झाला. हळद निघाली की बाळापूरच्या सोनाजीच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायचा मान वर्षानुवर्षं त्याचा. यंदा सोनाजीने तो दुसऱ्या मेंढपाळाला, रामप्रसादच्या कळपाला दिला. त्याबदल्यात मिळणारी जवारी गेली त्याचं दुःख होतंच, पण लहानपणच्या दोस्ताने असं करावं, हे त्याला फार लागलं.

"बदला घेतो," तो म्हणाला. "न इचारता त्याच्या रानात घुसतो. साऱ्या मेंढ्या घालतो."

"अवो, रान रिकामं हाय. लेंड्या पडतील, खत त्याचंच व्हईल. ह्यो कुठला बदला?"

"सिनेमात इतकं कुनी इचारत न्हाई."

दुपारी तो निघाला. उन्हात सगळं शिवार तरंगत होतं, कुठूनतरी हळद शिजल्याचा वास येत होता. सोनाजीचं रान दिसताच मेंढ्या आपल्या नेहमीच्या जागी जाऊन निवांत बसल्या. दुश्मनाची वाट बघत मल्हारीही बांधावर टेकला. अन्याय झालेलाच होता, त्यामुळे लगेच डोळा लागला. स्वप्नात तो काळं घोंगडं उडवत चालला होता आणि मागे मेंढ्या धीम्या तालात ढगांवरून येत होत्या.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. समोर रामप्रसाद आपला कळप घेऊन तणतणत होता आणि सोनाजी त्याला आवरत होता.

"माझी जागा ह्यानं घेतली! ह्याचा बदला घेतल्याबिगर मी राहणार न्हाई," रामप्रसाद म्हणाला.

"घे की," सोनाजी शांतपणे म्हणाला. "वरचा तुकडा मोकळाच हाय. तिथं घे."

रामप्रसाद रागारागाने वरच्या तुकड्याकडे कळप घेऊन गेला. सोनाजी बांधावर मल्हारीशेजारी येऊन बसला.

"रामप्रसाद दोनदा येऊन बोलला. तू एकदाबी आला न्हाईस. मला वाटलं, तुला माझं रान नको झालं."

"मी कोन्त्या साली इचारलं होतं?" मल्हारीने विचारलं.

सोनाजीने आठवून पाहिलं. खरंच, कुठल्याच साली नाही.

"मग आता किती दिस बसनार?"

"बदला पुरा व्हईस्तोवर," मल्हारी म्हणाला.

"बरं," सोनाजी उठला. "तोवर सकाळचा च्या माझ्या घरी. अन् यंदाची जवारी चाळून ठेवलीय, ती घेऊन जा."