पिंपळामागची खबरदारी

माणूस भितो तो वेगाला. संथपणाने कोणी मेल्याचे ऐकिवात नाही, आणि याच पायावर पनवेल–खोपोली सर्विस मोटारीची सुरक्षितता उभी होती.

लढाई संपल्याच्या पुढच्या सालची गोष्ट. काशीराम ड्रायव्हरने मोटारतळावरच्या पिंपळामागे गांजाची चिलीम ओढल्याखेरीज उतारू मोटार सुटू देत नसत. शास्त्र स्पष्ट होते. दारुडा मोटार पळवतो, ताडी प्यालेला ती शेतात घालतो, गांजेकस तेवढा जपून चालवतो. (हे कोणी तपासले नव्हते, त्यामुळे कोणाला खोडताही आले नव्हते.) गांजापायी झालेले अपघात : शून्य. मोजदाद काशीराम स्वतः ठेवी, आणि जे आठवत नसे ते घडले नाही असे प्रामाणिकपणे धरी. शिमग्यात मोटार भातखाचरात उतरली खरी, पण इतकी हळू, की उतारूंना थांबाच आला असे वाटले. दोघे तर तिकिटे देऊन उतरलेही.

करंजाड्याची रंभा तान्ह्या मालूला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. लेक पहिल्यांदाच आजोळी निघालेली. टोपडे, वाळे, गालावर तीट, सगळे जागच्या जागी. शास्त्र मात्र रंभाला नवे होते.

"समोर बैल आला तं दिसंल का या डायवरला?" तिने शेजारच्या विठू पानवाल्याला विचारले.

"दिसतो की, वयनी. जरा येळानं."

रंभा मालूला घेऊन उतरली. काशीराम पिंपळामागून हसतमुखाने येत होता.

"दादा, पोरीला जरा धरा. माझा बोचका मोटारीत रायलाय."

काशीरामने मायेने दोन्ही हात पुढे केले. पैकी एक मालूच्या दिशेने होता.

"अगो, नको देऊ!" अख्खी मोटार ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज विठूचा. "पाडंल ना लेकराला! त्याला सुद हाय का?"

रंभाने वर पाहिले. मालूला छातीशी धरले, तिच्या डोक्यावर पदर ओढला, बोचके खिडकीतूनच मागून घेतले आणि बैलगाड्यांच्या अड्ड्याकडे चालू लागली.

"अडाणी हाय बिचारी," विठू हळहळला. काशीराम दुसऱ्या प्रयत्नात आपल्या जागेवर चढला, आणि उतारू निर्धास्त झाले.

तुम्ही तिथे असता, तर अर्थातच रंभाच्या बाजूचे असता. पण बैलगाडीला फार वेळ लागतो, आणि खिडकीची जागा नुकतीच रिकामी झाली होती.