लाखमोलाची खुर्ची

लाखेचं पॉलिश कसं करावं, हे तज्ज्ञांना कोणीही विचारलेलं नव्हतं. पण कोणी विचारलं नाही म्हणून ते गप्प बसणारे असते, तर कचेरीत त्यांचं नाव 'तज्ज्ञ' पडलंच नसतं!

"फर्निचर काय, कुणीही बनवतो हो," जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता ते समोरच्याला सांगत. "लाकूड कापायचं, खिळे ठोकायचे, संपलं! खरा कस लागतो तो पॉलिशला. आणि पॉलिश म्हणजे लाखेचं! बाकी सगळी नुसती रंगरंगोटी!"

समोरचा मान डोलवायचा. त्याच्या तोंडात घास असायचा, दुसरं करणार काय?

सुतारकाम हा तज्ज्ञांचा छंद. घराच्या गॅलरीत त्यांनी कारखानाच थाटला होता. तिथून आजवर बाहेर पडलेल्या वस्तू म्हणजे एक स्टूल आणि एक भिंतीवरचं कपाट. स्टूल सपाट जमिनीवरही बोटीसारखं डुलायचं. कपाटाचं दार एकदा लागलं ते आजतागायत उघडलं नव्हतं, आणि तज्ज्ञांच्या सगळ्या पटाश्या आतच राहिल्या होत्या.

अशात बातमी आली, की मोठे साहेब निवृत्त होणार!

तज्ज्ञांना झालेला आनंद समजायचा, तर आधी त्यांचं दुखणं समजायला हवं. पूर्वी कधीतरी मोठ्या साहेबांनी आपल्या नव्या टेबलावरून प्रेमाने हात फिरवत भर बैठकीत म्हटलं होतं, "अस्सल सागवान!" तज्ज्ञ खाली वाकले, टेबलाच्या पोटाला टिचकी मारली आणि म्हणाले, "छे! प्लायवूड आहे. वरून पापुद्रा चिकटवलाय." बैठक संपायच्या आत तज्ज्ञांचं स्वतःचं टेबल तळघरात पोचलं. जुन्या फायलींच्या खोलीत. तिथे खिडकी नव्हती, आणि ऐकून घ्यायला माणूस तर नव्हताच. तज्ज्ञांना खरा जाच या दुसऱ्या गोष्टीचा होता.

मोठ्या साहेबांच्या जागी येणार होते धाकटे साहेब. ते जिन्यात तज्ज्ञांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "किल्ल्या माझ्या हातात आल्या की पहिलं काम तुमचं. वर आणतो तुम्हाला. खिडकीशेजारी!"

शत्रू कायमचा निघाला म्हटल्यावर माणसाचं मन किती मोठं होतं! तज्ज्ञांनी जाहीर करून टाकलं, "निरोपाची भेट माझ्याकडून! माझ्या हातची खुर्ची! आणि तिच्यावर लाखेचं पॉलिश!"

खुर्ची झाली. हातांची, उंच पाठीची. आणि नवल म्हणजे ती चारही पायांवर उभी राहिली! तज्ज्ञ स्वतःच इतके चकित झाले की तिच्याभोवती त्यांनी दोनदा फेरी मारली. मग काचकागदाने ती घासून गुळगुळीत केली आणि माळ्यावरून एक बरणी काढली. आत तांबूस, दाट पॉलिश होतं. स्टुलाच्या वेळचं उरलेलं.

बायकोने झाकण उघडून वास घेतला. "अहो, हे फार जुनं झालंय. नवीन आणा ना."

"जुनं?" तज्ज्ञ हसले. अज्ञानी माणसांवर हसावं तसं मायेने हसले. "लाख जितकी मुरेल तितकी खुलते! तुला नाही कळायचं."

आता खरी गोष्ट अशी, की लाखेचे पापुद्रे एकदा स्पिरिटमध्ये विरघळवले की ते द्रावण ताजं असतानाच वापरून संपवायचं असतं. ताज्या पॉलिशचा हात बघता बघता वाळतो. शिळं झालं की तुम्ही किती वाट बघा, ते वाळायचं नाव घेत नाही. हे पॉलिशच्या कुठल्याही डब्यावर लिहिलेलं असतं. पण डब्यावरचं वाचायला माणूस तज्ज्ञ नसावा लागतो!

तज्ज्ञांनी कापसाची पुरचुंडी केली, ती बरणीत बुडवली आणि पहिला हात मारला. घरभर स्पिरिटचा असा घमघमाट सुटला की खालच्या मजल्यावरचे शेजारी रिकामा पेला घेऊन दारात हजर!

"एकटे एकटेच?" ते दुखावल्या स्वरात म्हणाले. "एक हाक मारायची होती!"

त्यांना खुर्ची दाखवून परत पाठवलं. जाताना त्यांनी बरणीकडे असं पाहिलं, जणू ती खुर्चीवर वायाच चालली होती.

दुसऱ्या दिवशी बायकोने खुर्चीच्या हातावर अंगठा दाबला. अंगठा निघाला, ठसा राहिला.

"ओलं आहे हो."

"ओलं नाही, जिवंत आहे! लाख श्वास घेते!"

तिला श्वास घेणं सोपं जावं म्हणून त्यांनी आणखी एक हात मारला. मग आणखी एक. निरोपाच्या दिवसापर्यंत खुर्चीवर मधाचं पोळं सांडल्यासारखं झालं. चमक अशी, की बघणाऱ्याने भांग पाडावा! पण भुर्रकन आलेली माशी बसली ती तिथलीच झाली.

"एवढंच ना?" म्हणत तज्ज्ञांनी अंगाला लावायच्या पावडरचा डबा उपडा केला. चिकटपणा वरवर झाकला गेला. खुर्ची थोडी फिकी, धुरकट दिसू लागली.

"हे काय झालं?" बायकोने विचारलं.

"पुरातन झाक आली!" तज्ज्ञ म्हणाले, आणि टेम्पोवाल्याला फोन लावला. वाटेत कुठे ओरखडा आलाच तर पुसायला म्हणून स्पिरिटची बाटली मात्र त्यांनी पिशवीत टाकली. त्यांच्या हातून झालेलं त्या आठवड्यातलं शहाणपणाचं काम तेवढंच.

कचेरीचं सभागृह खचाखच भरलं होतं. पंखे गरगरत होते आणि गरम हवा इकडून तिकडे नेत होते. पहिल्या रांगेत मधोमध संस्थेचे अध्यक्ष बसले होते. हे गृहस्थ कधी काही बोलत नसत, त्यामुळे ते फार हुशार आहेत असा सगळ्यांचा समज होता. त्यांच्या बाजूला धाकटे साहेब नवा कोट घालून बसले होते. आणि काल परवापर्यंत मोठ्या साहेबांच्या दाराशी घुटमळणारी सगळी मंडळी आता धाकट्या साहेबांच्या मागे दाटीवाटीने बसली होती. मोठ्या साहेबांच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या.

मोठे साहेब व्यासपीठावर आले. भेटीच्या खुर्चीवरून त्यांनी हात फिरवला, तळव्याला लागलेल्या पावडरकडे पाहिलं, आणि देह टेकला. वजनदार माणूस! पावडर बिचारी कुठवर टिकणार?

भाषणं सुरू झाली. मुख्य हिशेबनीस म्हणाले, "साहेबांनी फार कष्ट केले. आता त्यांनी विश्रांती घ्यावी. भरपूर घ्यावी. इकडे येण्याचे कष्टही घेऊ नयेत!" टाळ्या पडल्या. धाकट्या साहेबांनी मोठ्या साहेबांबद्दल इतक्या वेळा 'होते, होते' म्हटलं की मागच्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावला.

तिकडे अंगाच्या उबेने लाख पाघळली होती. साहेबांच्या पँटमध्ये शिरली, कोटाच्या पाठीत शिरली, कोपरांना बिलगली.

"आता मोठ्या साहेबांनी उभं राहून किल्ल्या धाकट्या साहेबांच्या हाती द्याव्यात!" सूत्रसंचालक बाईंनी पुकारलं.

धाकटे साहेब हात पुढे करून व्यासपीठावर चढले. मोठे साहेब उठू लागले.

चर्रर्र!

साहेब होते तिथेच थबकले. हळूच पुन्हा टेकले. दुसऱ्यांदा जोर लावला, तर खुर्चीही त्यांच्याबरोबर चार बोटं वर आली आणि धप्पकन खाली बसली. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. कचेरीसमोर पँट फाटू द्यायची? आयुष्यभर सांभाळलेला दरारा शिवणीवर उसवायचा? छे! त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले (नाहीतरी हात सुटणार नव्हतेच) आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले,

"माफ करा. मला... मला इथून उठवत नाही!"

मागच्या रांगेतले उभे राहून पाहू लागले.

"उठवत नाही म्हणजे?" धाकट्या साहेबांचा हात हवेतच होता.

"नाही म्हणजे नाही! मी बसूनच राहणार आहे!"

हिशेबनीसांचा चेहरा पांढराफटक पडला. मघाचं भाषण त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. साहेब जाणार नाहीत? मग अध्यक्षांशी काही ठरलंय की काय? अध्यक्ष तर नेहमीसारखे गप्प होते. म्हणजे नक्कीच ठरलंय!

हिशेबनीस ताडकन उठले. "साहेब! मी विश्रांती म्हणालो ती दुपारची! तुम्ही गेलात तर आम्ही पोरके होऊ!"

"साहेब, जाऊ नका!" धाकट्या साहेबांच्या मागून एक आवाज आला. त्याच्या मागून दुसरा. आणि मग सगळी रांगच्या रांग उठून खुर्च्यांसकट मोठ्या साहेबांच्या बाजूला सरकली. धाकट्या साहेबांच्या मागे उरला फक्त पंखा.

खरं काय ते सगळ्या सभागृहात एकट्या तज्ज्ञांना कळलं होतं. त्यांना घाम फुटला. साहेब उठले नाहीत तर किल्ल्या नाहीत, किल्ल्या नाहीत तर खिडकी नाही! त्यांनी पिशवीतली बाटली काढली, व्यासपीठाकडे धाव घेतली आणि खुर्चीमागे गुडघे टेकून साहेबांच्या बैठकीखाली स्पिरिट ओतायला सुरुवात केली.

"साहेब, जरा कळ काढा," ते कुजबुजले. "लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आत्ता सुटाल!"

"हे तुमचं काम?" साहेब दातांत पुटपुटले. "अरे देवा, केवढं गार!"

पण सभागृहाला दिसलं ते एवढंच, की ज्या माणसाला साहेबांनी तळघरात टाकलं, तोच त्यांच्या पायाशी लोळण घेतोय! हिशेबनीसांना ते पाहवेना. फायलीतला माणूस आपल्यापुढे जाणार? त्यांनीही व्यासपीठावर झेप घेतली आणि साहेबांचे गुडघे धरले. सूत्रसंचालक बाई माइकवर म्हणाल्या, "असा भावपूर्ण प्रसंग मी आजवर पाहिला नाही!"

स्पिरिटचा वास नाकात गेला आणि साहेबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"साहेब रडताहेत!" कोणीतरी ओरडलं. मग काय, सगळेच रडू लागले. पुढच्या रांगेतले वासाने, मागचे पुढच्यांकडे बघून.

आणि तेव्हा अध्यक्ष उभे राहिले. अध्यक्ष बोलणार! रडणारेही रडायचे थांबले.

"एवढं प्रेम असताना," अध्यक्ष म्हणाले, "आम्ही साहेबांना कसे सोडणार? त्यांना मुदतवाढ देत आहोत."

नेमक्या त्याच क्षणी लाखेने हार मानली. फट्ट असा आवाज झाला आणि साहेब आभार मानायला उठावेत तसे ताठ उभे राहिले! टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांच्या पँटच्या मागच्या बाजूला परातीएवढा तांबूस, तकतकीत डाग होता. तो सगळ्यांनी पाहिला आणि कोणालाही दिसला नाही. साहेब मुदतवाढ मिळालेले होते ना!

धाकटे साहेब व्यासपीठावरून उतरले. तज्ज्ञांच्या शेजारून जाताना त्यांनी फक्त एकदा पाहिलं. त्या नजरेनेही पॉलिश विरघळलं असतं.

तज्ज्ञ तळघरात परतले. जन्मात पहिल्यांदाच त्यांना कोणाला काही सांगावंसं वाटत नव्हतं. डोकं धरून बसलेले असताना दारात सावली पडली. पाहतात तर अध्यक्ष!

"मी पहिल्या रांगेत होतो," अध्यक्ष दार लोटून घेत हळूच म्हणाले. "तिथून सगळं दिसतं."

तज्ज्ञांनी हात जोडले. "साहेब, चूक झाली..."

"चूक कसली? कला आहे ही!" अध्यक्षांनी आवाज आणखी खाली आणला. "पुढच्या महिन्यात माझीही मुदत संपते आहे. निरोप समारंभ ठेवताहेत. मला अशीच एक खुर्ची करून द्या. पॉलिश मात्र हेच हवं! काम झालं की तुम्ही वरच्या मजल्यावर. हवी ती खिडकी निवडा."

तज्ज्ञ घरी गेले ते उड्या मारतच. पण बरणी रिकामी होती! नवीन लाख आणून विरघळवली, तर पॉलिश तासाभरात खडखडीत वाळलं. तसंच ठेवून शिळं होऊ द्यावं, तर अध्यक्षांना तेवढा वेळ नव्हता. शेवटी त्यांनी गावातली रंगाची दुकानं पालथी घातली.

"शिळं पॉलिश आहे का हो? जितकं जुनं तितकं बरं."

"आमच्याकडे शिळा माल मिळत नाही!" प्रत्येक दुकानदार छातीवर हात ठेवून सांगायचा.

अखेर एकाने इकडे तिकडे पाहिलं, मागच्या खोलीत गेला आणि धूळ भरलेला एक डबा घेऊन आला. "खास तुमच्यासाठी काढतोय. वडिलांच्या वेळचा आहे. कोणाला सांगू नका."

तज्ज्ञांनी डबा छातीशी धरून घरी नेला. नव्या खुर्चीवर मोठ्या आशेने हात मारला आणि रात्री झोपताना प्रार्थनाही केली. सकाळी गॅलरीतून बायकोची आनंदाने हाक आली,

"अहो, लवकर या! काय सुंदर वाळलंय! नुसता आरसा झालाय, आरसा!"

तज्ज्ञांनी धावत जाऊन खुर्चीवर हात फिरवला. कुठे चिकटायला तयार नाही! ते मटकन खाली बसले.

"लबाड मेला!" ते कळवळून म्हणाले. "फसवलं की गं मला! ताजा माल दिला!"