दोन दारांची बस

दौऱ्यावर निघण्याआधीच अण्णांनी साऱ्या गोदीला सांगून ठेवलं होतं की हा संघ परदेशात नेऊन आणणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ आहे. उभा जन्म गोदीच्या क्लबात रग्बीची पोरं सांभाळण्यात गेलेला. आता गोदी आणि गिरणी असा एकत्र संघ न्यायचा, त्यात काय एवढं! हे दोन क्लब वर्षातून एकदाच भेटत आणि त्या भेटीत निम्म्यांची नाकं वाकडी होत, ही किरकोळ बाब त्यांनी जमेस धरलीच नव्हती.

त्याहून मोठी अडचण म्हणजे मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ, गिरणीच्या क्लबाचा सर्वेसर्वा. अण्णांची बायको गेल्या थंडीत गेली. एकत्र संघ ही कल्पना तिचीच. शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर बसून तिने सगळ्या जर्स्या शिवल्या, अर्धी बाजू गोदीची निळी, अर्धी गिरणीची पिवळी. त्या अंगात घालून पोरांनी एकदा मैदानात उतरावं, एवढंच अण्णांना हवं होतं. जिंकणं-हरणं नंतर.

पण मेव्हणा विमानतळापासूनच आपण मॅनेजर असल्यासारखा वागत होता. खोल्या त्याने वाटल्या, न्याहारीची वेळ त्याने ठरवली. अण्णांनी मग त्याच्याशी बोलणंच टाकलं. काही सांगायचं असलं की कप्तानाला सांगायचं. कप्तान गोलमटोल, सगळे त्याला भोपळ्या म्हणत. "तुमच्या त्या साहेबांना सांग, सरावाला उशीर होतोय," असं अण्णा म्हणत, तेव्हा साहेब शेजारीच बुटाची नाडी बांधत असत. भोपळ्या तोंड वळवून तेच पुन्हा सांगे आणि उत्तर घेऊन परत येई. बिचारा सरावाआधीच दमून जाई.

यजमानांनी एकच सामना दिला होता, आणि वेळेवर मैदानात हजर नसाल तर तोही रद्द, असं बजावलं होतं. त्या सकाळी निघालेली बस भर रस्त्यात बंद पडली.

बसला दोन दारं होती. गिरणीवाले पुढच्या दाराने चढून पुढे बसलेले, गोदीवाले मागच्या दाराने चढून मागे. ड्रायव्हरने इंजिनात डोकावून पाहिलं, हात पुसले आणि दोन्ही तळहातांनी हवा ढकलून दाखवली. भाषा कोणाला येत नव्हती, पण एवढं सगळ्यांना कळलं. गोदीवाले मागच्या दाराने उतरले आणि बसच्या मागे गेले. रग्बीत स्क्रम असतो, माना खाली घालून, एकमेकांना घट्ट धरून समोरच्याला रेटायचं. पोरांना ढकलण्याचा तेवढाच एक प्रकार ठाऊक. त्यांनी माना खाली घातल्या आणि लावली ताकद.

बस कुरकुरली, पण तसूभर हलली नाही. अण्णा ओरडत होते, "रेटा!" पलीकडून तसाच आवाज येत होता. अण्णांना वाटलं, समोरच्या उंच इमारतीवरून आपलाच आवाज परत येतोय. आपल्या पोरांच्या अंगात दमच राहिला नाही, हॉटेलातल्या गाद्यांनी त्यांची वाट लावली, असं त्यांनी संतापून सगळ्यांना ऐकवलं.

रस्त्याने एक म्हातारी कुत्रा घेऊन चालली होती. ती थांबली. मागे बघून पुढे गेली, पुढे बघून परत आली. मग तिने अण्णांची बाही धरली आणि त्यांना बसच्या पुढच्या बाजूला नेऊन उभं केलं.

तिथे सारी गिरणी माना खाली घालून बस मागे रेटत होती. मेव्हणा ओरडत होता, "रेटा!"

अण्णांचा पारा असा चढला की भोपळ्याला मधे घालायचं ते विसरूनच गेले. "तुला कोणी सांगितलं पुढून ढकलायला?"

"पुढच्या दाराने उतरलो, पुढे आलो. गाडी मागे ढकलूनही चालू होते. आणि मला विचारणारे तुम्ही कोण, भाऊजी? दौऱ्याचं सगळं तू बघ, असं ताईनेच मला सांगितलंय."

"तिने मला सांगितलंय. सगळं तुम्हीच बघा, म्हणाली."

"मला म्हणाली, तुझ्या भाऊजींना एकट्याने काही सुधरत नाही."

"मला म्हणाली, धाकट्याला सांभाळा, तो धांदरट आहे."

भोपळ्याने घसा खाकरून सांगितलं की मैदान पुढे आहे, मागे नाही.

मग सगळे मागे गेले. अण्णा आणि मेव्हणा खांद्याला खांदा लावून वाकले. एकाच हिसक्यात बस सुरू झाली आणि थेट निघून गेली. थांबलो तर पुन्हा बंद पडेल, या भीतीने ड्रायव्हर थांबायलाच तयार नव्हता. अख्खा संघ मैदानापर्यंत तिच्या मागे धावला. जेमतेम वेळेत पोचले, जर्स्या चढवल्या आणि निळे-पिवळे एका रांगेत मैदानात उतरले. अण्णांनी डोळे पुसले. मेव्हण्याने चष्मा पुसला.

सामना असा हरले की फळ्यावर आकडे लावणाऱ्याला आकडे पुरेनात. यजमानांचा अध्यक्ष म्हणाला म्हणे, की चेंडू नको या गोष्टीवर इतकं एकमत असलेला संघ त्याने पाहिला नव्हता.

परतीच्या वाटेवर अण्णा आणि मेव्हणा एकाच बाकावर बसले होते. बस पुन्हा थांबली. कोणी काही सांगण्याआधी गोदी आणि गिरणी, झाडून सगळे मागच्या दाराने उतरले. माना खाली. एक रेटा, आणि बस गडगडत निघाली.

"भाऊजी, चालली!" मेव्हणा ओरडला.

"एकत्र संघ म्हणतात याला," अण्णा वाकूनच म्हणाले.

तेवढ्यात ड्रायव्हर हातवारे करत बसच्या बाजूने धावताना दिसला. त्याच्यामागे डिझेलची नळी हातात धरून पंपवाला धावत होता.

"अरे, डिझेल भरायचं होतं तर सांगायला नको?" अण्णा ड्रायव्हरवर खेकसले. "तोंड काय भाड्याने दिलंय?"

मेव्हणा खाली बघत हळूच म्हणाला, "ताई असती तर तिने आधी विचारलं असतं."

"हो ना," अण्णा म्हणाले, आणि बस मागे पंपाकडे रेटायला मेव्हण्याला घेऊन पुढच्या बाजूला गेले.