दिगूकाकांचं भाषांतर

बसच्या कंडक्टरने तेलुगूत खेकसावं, "म्हातारे, दारातून हल आधी," आणि आमच्या दिगूकाकांनी डोळे मिटून बायकोला मराठीत सांगावं, "तो म्हन्ते, माय, आत बसा, तिथं वारा लागते." काकू कंडक्टरला हात जोडून आत जायच्या. हे मी एकदा नाही, पन्नासदा पाहिलंय.

दिगूकाका माझे शेजारी. मंडळ कार्यालयाबाहेर, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीबाहेर, बसून आयुष्यभर लोकांचे तेलुगू अर्ज लिहिलेले. काकू पैनगंगेपलीकडून, मराठी मुलखातून, सून म्हणून आल्या त्याला चाळीस वर्षं झाली, पण तेलुगूचा एक शब्द शिकल्या नाहीत. शिकतील कशाला? काका होते ना. भाषांतराआधी ते डोळे मिटत, जरा डुलत, आणि कुठून तरी लांबून शब्द घेऊन येत. त्यांच्या मराठीत बाजारातला भाजीवाला लाघवी होता, डॉक्टर कधी रागावत नसे, टीव्हीवरची माणसं भांडायच्या ऐवजी एकमेकांची विचारपूस करत. अशा एका गावात काकू राहत होत्या. मला त्या गावाचा हेवा वाटायचा.

"काका, तो असं नव्हता म्हणाला," मी मागाहून एकांतात म्हणायचो.

"मतलब तोच हाय बापा."

आमच्या मराठी गावात पक्षाची सभा झाली तरी माईक त्यांच्याच हाती. तीस वर्षं नेता तेलुगूत बोलला की मागून काका मराठीत. आता पोरं तेलुगू शाळेत शिकलेली, गावाला सगळं कळतं. भाषांतर हवं असायचं ते फक्त पहिल्या रांगेतल्या काकूंना. तरी काकांच्या हातातून माईक कोणी काढून घेतला नाही.

गेल्या निवडणुकीला उमेदवार भर उन्हात मारुतीच्या पारावर उभा राहिला. पाणी कोमट, गर्दी थोडी, त्याचं डोकं फिरलं. तेलुगूत बोलून गेला, "तुम्ही उपरे. तांदूळ इथला खाता, जीव नदीपलीकडे. तुमच्या मतांवाचून माझं काही अडत नाही."

सभा गार पडली. काकांनी डोळे मिटले. या वेळी फार वेळ मिटले.

"साहेब म्हनतात," ते म्हणाले, "तुमी नदी ओलांडून आले, या मातीत कापूस फुलवला. तुमी परके नाई. मत द्या नाई तर नका देऊ, हे गाव तुमचंच हाय."

काकूंनी पदराने डोळे पुसले. बाकी सगळ्यांना खरं काय ते कळलं होतं, पण कोणी तोंड उघडलं नाही. मला तर क्षणभर काकांचंच खरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत त्या बोलण्याचा व्हिडिओ नदीकाठच्या गावोगावी पोचला. पक्षाची माणसं काकांच्या ओट्यावर धावत आली. "सगळीकडे फिरून सांगा, साहेबांचा मतलब तसा नव्हता."

काका म्हणाले, "मतलब तोच होता."

पक्ष सपाटून हरला. आमच्या बूथवर तर त्याला एकच मत पडलं. गाव काकांना "निष्ठावंत" म्हणून चिडवू लागलं.

परवा आम्ही ओट्यावर बसलो होतो. कापसाच्या शेतांवर ऊन कलत होतं. काका हळूच म्हणाले, "ते मत माह्यं नव्हतं बापा. तिचं होतं. माह्या शब्दावर देल्लं तिनं." मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "मले भेव वाटते. कोनी खरं सांगतलं, तं चाळीस वर्षांचं माह्यं सारंच खोटं वाटन तिले."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "बाबू, येवढा मायाळू मानूस. हरला काऊन रे?"

सवयीने काकांनीच डोळे मिटले, डुलले, पण शब्द काही येईनात. मला राहवलं नाही. मग मीच डोळे मिटले.

"काकू, दुसरा उभा होता ना, तो याच्याहून मायाळू निघाला."

"असं होय," काकू म्हणाल्या. "मंग बरंच झालं म्हना."

काकांनी डोळे उघडले आणि पहिला कप माझ्या हातात दिला.