आप्पांची पाठ

घोडीला शिकवायचं तर तिच्याकडे पाठ करून बसायचं, ही आमच्या बन्सीआप्पांची पद्धत. दिंद्रुडात त्यांच्या गोठ्याला लागून माझं मंडपाचं गोडाऊन आहे. सकाळी शटर वर केलं की पहिलं दर्शन आप्पांच्या पाठीचं. पालथ्या घमेल्यावर बसून ते तंबाखू मळत असायचे. आणि त्यांच्या मागे चांदणी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली तीन वर्षांची घोडी, कान टवकारून त्या पाठीकडे बघत असायची.

"आप्पा, घोडी मागं हाय," मी पहिल्या दिवशी सांगितलं. ज्ञान फुकट वाटायची मला खोडच आहे.

"ठावं हाय बे. तिच्याकडं बघितलं की तिला वाटतंय, ह्याला कायतरी पायजे."

"पायजेच हाय की. वरातीला तयार व्हाया पायजे ना ती?"

"मग ते तिला कशापायी सांगायचं?"

मी खुर्च्या मोजायला गोडाऊनात शिरलो.

आप्पांच्या तोंडी कायम एक वाक्य. 'घाई कुणाला हाय?' ते सरपंचाला ऐकवतात, जावयाला ऐकवतात, एसटीच्या कंडक्टरलाही ऐकवतात. कंडक्टरला घाई असते. त्यामुळे माजलगावची गाडी त्यांना बऱ्याचदा टाकून जाते, आणि आप्पा स्टँडवर रस्त्याकडे पाठ करून बसतात. यायची तेव्हा येईल.

खरी घाई यंदा आप्पांनाच होती. दरवर्षी दिवाळी उरकली की ते आणि त्यांची बायको कासाकाकू ऊस तोडायला कारखान्याला जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. आता डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढायचं काकूंचे गुडघे नाव काढू देईनात. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. तोवर चांदणी तयार झाली तर वरातींवर घर चालणार, नाही झाली तर पुन्हा कोयता. मुकादमाला आप्पांनी 'यंदा न्हाई येत' म्हणून सांगूनही टाकलं होतं. गाव म्हणायचं, चार चाबूक ओढा, आठवड्यात नाचायला लागंल. आप्पांच्या गोठ्यात चाबूकच नव्हता.

त्यांचं शिक्षण म्हणजे घोडीच्या पाठीवर रिकामं पोतं ठेवायचं आणि लगेच काढायचं.

"ठिवता कावून मग?" मी विचारलं.

"आलेलं जातं बी, हे कळाया पायजे तिला. मग ती भीत न्हाई."

पोत्यानंतर छत्री झाली, ताडपत्री झाली, मग माझा नंबर लागला. "बे सुभ्या, उद्या फेटा बांधून, मुंडावळ्या लावून ये." माझी मुलगी कॉलेजात जाते. तरी मी हौसेनं गेलो, कारण मला वाटलं, आपल्याला घोड्यावर बसायला मिळणार. आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू बसलास तर घोडीची घडवंची व्हईल. बाजूला उभा ऱ्हा. तिनं नवरदेव नुस्ता बघू दे." मी उभा राहिलो. घोडीनं मला बघितलं आणि माझ्या मुंडावळ्या खाल्ल्या.

आता माझा पराक्रम. चांदणीची पहिली वरात आपल्याच मंडपातून निघणार, असा शब्द मी एका बड्या पार्टीला आप्पांना न विचारताच देऊन बसलो होतो. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "पयली वरात ठरलेली हाय."

"कुणाची?"

"घाई कुणाला हाय?"

मी ओळखलं, हा माझी गिऱ्हाइकं पळवणाऱ्या माजलगावच्या मंडपवाल्याचा डाव. मग आपणही हात दाखवायचा. वाजंत्रीची सवय व्हावी म्हणून आप्पा लांबून थाळी वाजवत रोज थोडं थोडं घोडीच्या जवळ यायचे. अशानं घोडी कधी तयार होणार? एका दुपारी मी गोडाऊनच्या पायरीवर डीजेचे दोन मोठे स्पीकर मांडले आणि वरातीचं गाणं पूर्ण आवाजात सोडलं.

चांदणीनं दावं तोडलं, वाळत घातलेलं माझं गुलाबी झालरीचं कापड गळ्यात घेतलं आणि सोयाबीनच्या रानातून सुटली. मी पाण्याच्या टाकीमागे गेलो. मदतीची मला घाई असते, निस्तरायची नसते.

 आप्पांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते रानात गेले आणि बांधावर घोडीकडे पाठ करून बसले. ऊन कललं. गुलाबी झालर आधी लांब होती, मग जरा अलीकडे आली, मग पुन्हा लांब गेली. शेवटी चांदणीनं येऊन त्यांच्या खांद्यावर तोंड टेकलं आणि फुर्रर्र केलं. आप्पा वळले नाहीत. "आलीस?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, रिकामं पोतं.

त्यानंतर त्यांनी काहीही सांगितलं तरी नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. म्हणून एकदा ते म्हणाले, "उद्या लुगडं नेसून ये," तर मी बायकोचं हिरवं लुगडं पँटवरून गुंडाळून गोठ्यात हजर.

"पदर हालव. वाऱ्यानं पदर उडला की बुजती ती."

"आप्पा, नवरदेव पदर कधीपासून घ्यायला लागले?"

"हालव बे."

मी पदर हलवत असताना बायको चहा घेऊन आली.  मोबाईल काढला, फोटो घेतला, चहा परत घेऊन गेली. दिवेलागणीला परळीहून सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, तब्येत बरी हाय ना?"

तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी आप्पांचा निरोप आला. दिवस कलायला हलगीवाला घेऊन ये, डीजे आणलास तर तंगडं मोडीन. गेलो. चांदणीच्या अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. नवरदेव कुठं दिसेना. मी त्या माजलगाववाल्याला शोधत होतो, तोच घरातून कासाकाकू बाहेर आल्या. हिरवं कोरं लुगडं, कपाळाला मुंडावळ्या.

"येड लागलंय ह्यास्नी," काकू मला म्हणाल्या. "आमचं लगीन कारखान्याच्या गेटावर लागलं बाबा. मुकादम सारखा वरडत व्हता, आटपा, गाडी भरायचीय. मंगलाष्टक एकच म्हणलं. अक्षदा पडल्या की मोळ्या उचलाया गेलतो. ते ह्यांच्या डोस्क्यात कुठं ऱ्हायलं, देवाला ठावं."

काकू ओट्यावरून घोडीवर बसल्या. चांदणी हलली नाही. वाऱ्यानं पदर उडाला, तिनं फक्त एक कान मागे केला. माझ्यामुळे पदर तिच्या ओळखीचा झाला होता.

आप्पांनी लगाम धरला आणि पुढे चालू लागले, लग्नाआधी नवरदेवाला नेतात तसं मारुतीच्या देवळाकडे, मागे न बघता. हलगी सावकाश वाजत होती. लोक दारात आले. कुणी हसलं, कुणी हसता हसता थांबलं. मला मात्र दुसऱ्या गावी खुर्च्या पोचवायच्या होत्या. मी भराभर पुढे होऊन आप्पांना गाठलं आणि म्हणालो, "आप्पा, जरा पाय उचला की. दिवस बुडाला."

काकूंना आणि घोडीला दिसत होती ती आप्पांची पाठ. तोंड मला दिसलं. आप्पांचे गाल ओले झाले होते.

उत्तर वरून, घोडीवरून आलं.

"घाई कुणाला हाय रे सुभाष?"