फाटक उघडं ठेवून केलेले फोन

चुरीकाका मुलाला फोन करायच्या आधी फाटक उघडतात. मग अंगणाच्या मधोमध खुर्ची टाकतात, फोनचा स्पीकर लावतात आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. लोक दारं लावून फोन करतात. आमच्या डहाणूच्या या गृहस्थाचं सगळंच उलटं.

कारण असं, की त्यांचा निखिल बंगळुरूला, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या एका बड्या कंपनीच्या हिशेब खात्यात. नफा-तोटा त्याला जगाच्या आधी कळणार. नोकरीला लागतानाच त्याने बजावलं होतं, "बाबा, आतली बातमी मी घरी सांगायची नाही आणि घरच्यांनी तिच्यावर शेअर घ्यायचे नाहीत." पुढे तिथल्याच एका साहेबाचा मेहुणा निकालाआधी शेअर घेताना सापडला आणि साहेब घरी बसला. काकांनी त्याचा असा धसका घेतला की विचारू नका. "आतलं आतच राहू दे," हा त्यांचा मंत्र झाला, आणि आपण काही लपवत नाही हे गावाला ऐकू यावं म्हणून फाटक उघडं.

निखिल "आज फार दमलो" म्हणाला की काका फोन कापत. मुलगा दमला म्हणजे काम वाढलं, काम वाढलं म्हणजे नफा वाढला. झालं, फुटली बातमी. मी एकदा सहज विचारलं, "निखिल दिवाळीला येतोय ना?" गुजरातच्या हद्दीवर अच्छाडच्या नाक्यावर ट्रक तपासत नसतील इतक्या बारकाईने त्यांनी मला न्याहाळलं. "तुझं डिमॅट खातं आहे का रे?"

खातं होतं, आणि त्यात त्याच कंपनीचे थोडे शेअरही होते. ते मी सांगितलं नाही.

मग बापलेक बोलत कशावर? चिकूवर. बागेला पाणी दिलं का, फळ कसं धरलंय, बस. एवढा निर्मळ माणूस आमच्या आळीत कोणी पाहिला नसल्यामुळे सगळ्यांचा संशय बळावला. किराणावाले जिग्नेशभाई साखर तोलता तोलता म्हणायचे, "हा काका चिकूमदी कायतरी सांगतो हां. आपल्यालाच समजत नाय ने."

दिवाळीनंतर एका संध्याकाळी काका फोनवर ओरडले, "वटवाघळं फार झालीत. थोडं लवकरच उतरवून टाकतोय." जिग्नेशभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्या कंपनीचे शेअर त्यांच्याकडेही होते, आणि 'उतरवून टाकतोय' म्हणजे 'विका' असं आम्ही धरलं. दुसऱ्या दिवशी शेअर बाजार उघडताच दोघांनीही शेअर विकून टाकले. त्यानंतर भाव असा चढला, की जिग्नेशभाई दुकानासमोरून चिकूची पाटी गेली तरी तोंड फिरवत. बागेत वटवाघळं मात्र खरोखरच होती.

तरी माझा संशय जाईना. काकू गेल्यापासून हा माणूस एकटा राहतो, रोज मुलाला फोन लावतो आणि बोलत काहीच नाही, हे मला पटत नव्हतं.

परवा दुपारी मी त्यांच्या ओटीवर चिकू निवडू लागलो होतो. रिक्षा थांबली आणि निखिल दोन मोठ्या बॅगा घेऊन उतरला. वाळलेला, दाढी वाढलेली.

"सुट्टी कशी मिळाली?" काकांच्या तोंडून निघून गेलं आणि लगेच त्यांनी हात वर केला. "नको, सांगू नकोस. हा बसलाय इथे."

"बाबा, नोकरी नाहीये मला. गणपतीच्या आधीच अर्धं खातं कमी केलं."

म्हणजे आम्ही ज्याच्या भरवशावर शेअर विकले, त्याचा तेव्हा कंपनीशी संबंधच उरला नव्हता. पण मला हसू आलं नाही.

"गणपतीच्या आधी?" काकांच्या हातातला चिकू तसाच राहिला. "मग रोज आपण फोनवर..."

"सांगायला गेलो होतो. 'ऑफिसात आज' एवढंच म्हणालो आणि तुम्ही फोन कापलात. मग वटवाघळांचंच विचारत राहिलो."

काकांनी उठून मुलाच्या बॅगा ओटीवर ओढून घेतल्या. सगळ्या जगापासून बातमी अडवता अडवता पोराचं दुःखही या माणसाने फाटकाबाहेरच ठेवलं होतं. मला त्यांची फार दया आली.

"तू जा आता घरी," ते मला म्हणाले. "आणि जाताना फाटक लावून घे."

मी बाहेरून कडी घालत होतो, तेव्हा ऐकू आलं.

"म्हणजे आता त्या कंपनीचा आणि तुझा काही संबंध नाही?"

"नाही, बाबा."

"नक्की ना?"

"नक्की."

"मग आता विचारतो." काकांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "कसा आहेस रे?"