तुर्सुनआजींचे ओठ राहिले

तुर्सुनआजींचे डोळे झाले, नाक झालं, आणि ओठांपाशी येऊन मशीन थांबलं.

बुरूलच्या एका हातात किटलीची वायर होती. सर्व्हरची वायर जमिनीवर पडली होती.

करकोल गावात, बाजारामागे तिचं दुकान. काळ्या ग्रॅनाइटवर गेलेल्या माणसांचे चेहरे कोरायचं. दुःखातला माणूस दारात आला की आधी गरम चहा, मग बोलणं. यात तिच्या घरात कधी चूक झाली नव्हती. जुमाबेक आजोबा बायकोचा दगड बघायला आले आणि हिने हाताला लागला तो प्लग उपटून किटली लावली. डोकं कुठे होतं, देव जाणे.

प्लग परत लावला. सर्व्हर सुरूही झाला. पण कोरायच्या प्रोग्रामचा परवाना त्याच्याच पोटात, आणि पडद्यावर लाल पट्टी : परवाना वैध नाही.

"सकाळी बरा वैध होता मेल्या!" बुरूलने टेबलावर हात आपटला.

"पोरी, उद्या तिचं वर्षाचं जेवण," आजोबा म्हणाले. "घोडा कापलाय. डोंगरापलीकडून माणसं निघालीत. बिनतोंडाची बायको उभी करू का त्यांच्यापुढे?"

बुरूलने राजधानीत, बिश्केकला, एमिलला फोन लावला. दुकानातले कॉम्प्युटर तोच बघायचा.

"ताई, बंद करून चालू कर."

"अरे, बंद करून चालू केला म्हणूनच तर बोंबलतेय!"

"मग परत एकदा कर."

तिने केला. पट्टी तशीच, लालभडक.

"खाली तारीख काय दिसते?"

"दोन हजार सतरा." बुरूलने डोळे चोळले. "हे काय रे?"

"आतला सेल मेलाय. वीज गेली की त्याचं घड्याळ मागे, मशीन बनलं त्या सालात जातं. परवाना आपण एकवीस साली घेतला. त्याच्या मते तू अजून घेतलेलाच नाहीस. वर्ष पुढे घे, सुटेल."

बुरूलने माउस धरला. तिच्या हातावर आजोबांचा हात पडला.

"ह्याच्यात सतरा साल चालू आहे?"

"हो, पण चुकीचं आहे ते."

"असू दे. म्हणजे तुर्सुन आत्ता घरी आहे." त्यांनी खुर्ची ओढली. "सरक. मी करतो."

बाणावर एकेक टिचकी. "अठरा. गाय हरवली, मलाच शिव्या. एकोणीस. माझे दात काढले, ही आठवडाभर हसत होती. वीस. एकवीस."

"आजोबा, पटापट दाबा ना!" फोनमधून एमिल.

"तुला कुठे गाडी पकडायचीय? बावीस. जर्दाळू लागले होते, काय लागले होते! तेवीस. खोकत होती. मी म्हटलं, थंडीचं असेल."

चोवीस आलं. बोट थांबलं. मग त्यांनी हळूच खालचा बाण दाबला. पुन्हा तेवीस. पुन्हा बावीस.

बुरूलने बघितलं. ती तशी एका वाक्यात भडकणारी बाई.

"झालं का?" एमिल.

"होतंय. मशीन जुनं आहे, वेळ घेतं," बुरूल म्हणाली.

चहा ओतून तिने वाटी त्यांच्यापुढे सरकवली. बावीस सालात बसून आजोबांनी तो सगळा प्यायला. पुरे म्हणून वाटी पालथी घातली, आणि वरच्या बाणावर तीनदा टिचकी मारली.

बुरूलने तारीख पक्की केली. लाल पट्टी गेली. आतल्या खोलीत कोरायची सुई टकटकायला लागली.

"जमलं! अभिनंदन, आजोबा!" एमिल फोनमध्ये ओरडला.

बुरूलने फोन कापला.